क्रूझ कंट्रोल नेमकं कशामुळे सुटतंय? इलेक्ट्रिक गाडीतला दोष शोधण्याची रीत

क्रूझ कंट्रोल म्हणजे पायाने पेडल न दाबता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय. आमच्या इलेक्ट्रिक गाडीत ते पहिल्यांदा सुटलं, म्हणजे आपोआप बंद पडलं, ते मही नदीच्या पुलावर. वडोदऱ्याजवळच्या दुमाड चोकडीवरून अहमदाबादचा एक्स्प्रेस वे धरून दहाएक मिनिटं झाली होती. गाडी ९० वर लावलेली होती, आणि कोणीतरी मागून धरावं तशी ती एकदम आवळली. इलेक्ट्रिक गाडीत क्रूझ अचानक सुटलं की असंच होतं. पेट्रोलची गाडी नुसती सैल पडते. इथे पाय पेडलवर नसल्यामुळे रीजन (मोटरच गाडीला रोखते आणि त्यातून वीज बॅटरीत परत भरते) ताबडतोब सुरू होतं आणि गाडी स्वतःच वेग तोडायला लागते. मागच्या ट्रकने जोरात हॉर्न दिला. शेजारी बसलेले नाना, म्हणजे माझे सासरे, काही बोलले नाहीत, पण त्यांचा हात डॅशबोर्डवर गेलेला मी पाहिला.

म्हणून सगळ्यात आधी ही सवय लावून घ्या. क्रूझ लावलेलं असताना उजवा पाय मांडी घालून बसल्यासारखा मागे ओढून ठेवायचा नाही. तो पेडलच्या जवळच, हलका टेकलेला हवा. क्रूझ सुटलं असं जाणवलं की आधी ॲक्सिलरेटर हळूच दाबून वेग सावरायचा, आरशात बघायचं, मग डावीकडे यायचं. डॅशबोर्डवर काय लिहून आलंय ते नंतर वाचता येतं.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत आमचं क्रूझ अकरा वेळा सुटलं. एका सर्व्हिस सेंटरने स्टीअरिंगवरचा बटणांचा पूर्ण संच बदलायला सांगितला. दोष तिथे नव्हताच. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते, त्यामुळे सर्किटची भीती वाटत नाही. तरीही दोष सापडला तो नानांच्या वहीमुळे. ती गोष्ट पुढे येईल. आधी सगळ्यांना वापरता येईल अशी रीत सांगते.

आतलं काम समजून घ्या

जुन्या पेट्रोल गाड्यांत क्रूझ म्हणजे थ्रॉटलची केबल ओढून धरणारं वेगळं यंत्र असायचं. ते बिघडलं की तेच उघडायचं. इलेक्ट्रिक गाडीत असं वेगळं यंत्र नसतंच. चाकांचे सेन्सर वेग सांगतात, स्टीअरिंगवरची बटणं तुमची इच्छा सांगतात, आणि गाडीचा मुख्य कंट्रोलर मोटरला किती जोर लावायचा किंवा किती रीजन करायचं ते ठरवतो. क्रूझ चालू राहायला ब्रेक, दरवाजा, सीटबेल्ट, एबीएस (जोराच्या ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), स्थिरता नियंत्रण, गिअरची स्थिती, बॅटरी अशा कितीतरी जणांचा होकार लागतो. अडास (पुढची गाडी ओळखून स्वतः वेग कमी करणारी, चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पुढचा कॅमेरा आणि रडारही त्यात येतात. एकानेही नकार दिला की क्रूझ सुटतं. म्हणजे ‘क्रूझ बिघडलं’ असं जे आपण म्हणतो, त्यात बहुतेक वेळा क्रूझ अगदी बरोबर वागलेलं असतं. आपल्याला शोधायचंय ते नकार कोण देतंय.

वही

कोणताही भाग उघडायच्या आधी एक वही गाडीत ठेवा. नुसतं ‘कधीकधी सुटतं’ एवढं ऐकून कुठलाच मेकॅनिक काही करू शकत नाही. दर वेळी सुटल्यावर पाच गोष्टी लिहायच्या: किलोमीटरचा आकडा, त्या क्षणीचा वेग, बॅटरी किती टक्के, डॅशबोर्डवर आलेला संदेश किंवा दिवा, आणि रस्ता कसा होता. लिहिणारा शेजारी बसलेलाच असावा, चालवणाऱ्याने गाडी थांबेपर्यंत हात लावायचा नाही. शेजारच्या माणसाला फोनवर डॅशबोर्डचा फोटो काढता आला तर उत्तम, कारण काही संदेश चार-पाच सेकंदांत निघून जातात.

आणि तक्रारीला नीट नाव द्या. क्रूझ लागतच नाही, लागतं पण सुटतं, लागलेलं राहतं पण वेग धरत नाही, किंवा पुढे काही नसताना गाडी उगाच ब्रेक मारते. या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची मुळंही वेगळी असतात.

लागतच नसेल तर

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे, आणि पैसाही लागत नाही. मुख्य बटण दाबल्यावर बहुतेक गाड्यांत पांढरं किंवा राखाडी चिन्ह येतं. त्याचा अर्थ क्रूझ तयार आहे, लागलेलं नाही. त्यानंतर ‘सेट’ दाबल्यावरच चिन्ह हिरवं होतं. अनेकांची गल्लत स्पीड लिमिटरशी होते. बऱ्याच गाड्यांत एकाच बटणावर दोन्ही असतात, आणि लिमिटरमध्येही वेगाचा आकडा दिसतो. पण लिमिटर वेग धरत नाही, फक्त त्या आकड्याच्या वर जाऊ देत नाही. पाय काढला की गाडी हळू होणारच.

मग अटी तपासा. साधं क्रूझ साधारण ३० ते ४० किलोमीटरच्या खाली लागत नाही, त्यामुळे वडोदऱ्यातल्या रावपुऱ्याच्या गर्दीत ते लागत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. गिअर डी मध्ये हवा, चालकाचा पट्टा लावलेला हवा, सगळे दरवाजे नीट बंद हवेत. चिखलात अडकलेली गाडी काढताना कोणी ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी घसरू न देणारी यंत्रणा) बंद केलं असेल आणि ते तसंच राहिलं असेल, तर बऱ्याच गाड्या क्रूझ नाकारतात. काही मॉडेलांत एका पेडलवर चालवायचा मोड चालू असतानाही क्रूझ मिळत नाही. आपल्या गाडीच्या अटींचं पान मॅन्युअलमध्ये शोधा, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा.

अटी सगळ्या पूर्ण असूनही लागत नसेल, तर गाडी बंद करून कुलूप लावा आणि किल्ली घेऊन वीस मिनिटं लांब जा. सगळे कंट्रोलर झोपी गेले की एखादा अडकलेला संदेश पुसला जातो. यामुळे दोष कायमचा गेला असं मात्र समजू नका. गेला तर वहीत तारीख घाला आणि परत येतो का बघा.

डावा पाय आणि मॅट

क्लचची गाडी वर्षानुवर्षं चालवून जे इलेक्ट्रिक गाडीवर येतात, त्यांचा डावा पाय नकळत ब्रेकच्या कडेला टेकतो. दोनच पेडल असल्यामुळे ब्रेकचं पेडल रुंद असतं. नुसता बुटाचा तळ लागला तरी क्रूझ सुटतं. माझ्या एका मैत्रिणीच्या गाडीत हेच होत होतं. डावा पाय बाजूच्या टेकणीवर ठेवायला लागल्यापासून तिची तक्रार संपली.

दुसरा दोषी जाड मॅट. बाहेरून बसवलेली ७डी मॅट चालकाच्या बाजूला वर सरकते आणि पेडलखाली येते. ब्रेक पूर्ण वर येत नसेल तर क्रूझ सुटत राहील. ॲक्सिलरेटर दबलेला राहिला तर ते जास्त धोक्याचं आहे. अडासच्या गाडीला वाटतं की चालकच वेग वाढवतोय, आणि पुढच्या गाडीसाठी ती स्वतः ब्रेक लावायचं थांबवते. मॅट काढून एक फेरी मारा. फरक पडला तर ती परत घालू नका.

ब्रेकचा स्विच: इथे घाई करू नका

ब्रेकच्या पेडलला वर, पेडल धरून ठेवणाऱ्या कंसाजवळ एक छोटा स्विच असतो. त्यात सहसा दोन संपर्क असतात, एकमेकांच्या उलट. पेडल दाबलं की एक जुळतो आणि दुसरा सुटतो. कंट्रोलर दोन्ही संदेश ताडून बघतो. ते जुळले नाहीत, किंवा क्षणभरही ‘ब्रेक दाबला’ असं कळलं, की क्रूझ सोडायचं हा त्याचा पहिला नियम आहे, आणि तो योग्यच आहे. काही नव्या गाड्यांत वेगळ्या स्विचऐवजी ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक बूस्टरमधला सेन्सर हे काम करतो, पण तर्क तोच.

घरी अशी चाचणी करा. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, पार्किंग ब्रेक लावा, गाडी चालू स्थितीत ठेवा. चालत्या गाडीत ही चाचणी नको, कारण जोराच्या रीजनमध्येही ब्रेकचे दिवे लागतात आणि गोंधळ होतो. पाय पूर्ण काढल्यावर भिंतीवर लाल उजेड अजिबात नको. पेडल अगदी थोडं दाबलं की लगेच उजेड आला पाहिजे. असं वीस वेळा करा. एकदाही दिवा उशिरा लागला, लुकलुकला किंवा पाय काढल्यावर क्षणभर राहिला, तर संशय पक्का. डावा, उजवा आणि वरचा तिसरा असे तिन्ही दिवे बघा. काही गाड्यांत ब्रेकचा एक बल्ब गेला किंवा बाहेरचा एलईडी बल्ब बसवला तरी क्रूझ बंद होतं.

आता आमची गोष्ट. आमच्या गाडीत ही भिंतीची चाचणी पूर्ण ठीक आली, म्हणून मी ब्रेकचा स्विच यादीतून काढून टाकला. ती चूक होती. नाना रेल्वेत होते, प्रतापनगरच्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली. त्यांच्या वहीत ‘रस्ता कसा होता’ या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द येत होता. एका शनिवारी ते म्हणाले, “अगं, हे सांध्यावरच सुटतंय बघ. पुलाचा सांधा आला की गाडी दणकते आणि ते सुटतं.” मी म्हटलं, “नाना, पण दरवेळी नाही ना सुटत.” त्यांनी वही पुढे केली. अकरापैकी आठ नोंदी पुलावरच्या किंवा खराब पट्ट्यावरच्या, आणि सगळ्या दुपारच्या. सकाळी, गाडी थंड असताना, तोच पूल गाडी क्रूझ न सोडता ओलांडत होती.

दुसऱ्या गॅरेजमध्ये आम्ही वहीच दाखवली. मेकॅनिकने पेडल न दाबता, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कंसावर हलके ठोके मारले आणि मला मागे दिवे बघायला उभं केलं. चौथ्या ठोक्याला दिवे लुकलुकले. स्विचची प्लॅस्टिकची पकड सैल झाली होती आणि गरम केबिनमध्ये ती आणखी ढिली पडत होती. स्विच बदलून नीट बसवला आणि प्रश्न मिटला. म्हणून माझं सांगणं आहे की भिंतीची चाचणी पास झाली तरी ठोक्याची चाचणी करून घ्या, आणि शक्यतो गाडी दुपारी उन्हात उभी राहिल्यानंतर. हे काम पेडलच्या वर, अंधाऱ्या जागेत असतं. स्वतः बदलायला जाऊ नका. तो नीट बसला नाही तर ब्रेकचे दिवेच लागणार नाहीत.

१२ व्होल्टची बॅटरी

मोठी बॅटरी कितीही भरलेली असली तरी सगळे कंट्रोलर चालतात ते छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. ती थकली की एका वेळी चार-पाच असंबद्ध दिवे लागतात: क्रूझ उपलब्ध नाही, एबीएस तपासा, स्टीअरिंग तपासा. असे दिवे घोळक्याने आले तर पहिला संशय हिच्यावर घ्या. वडोदऱ्याचा मे महिना या बॅटरीला फार वाईट. शिवाय आपण डॅशकॅम, ट्रॅकर अशा गोष्टी तिच्यावरच लावून ठेवतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टिमीटरने मोजा. बोनेट उघडल्यावर गाडी जागी होते, तेव्हा थोडं थांबून ती परत झोपल्यावर वाचन घ्या. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे लगेच दाखवून घ्या. गाडी चालू स्थितीत केल्यावर आकडा साधारण १३.५ ते १४.५ मध्ये यायला हवा, तेव्हा मोठ्या बॅटरीतली वीज कमी दाबाची करून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर तिला भरत असतो. काही गाड्यांत ही छोटी बॅटरी लिथियमची असते, तिचे आकडे वेगळे. जाड नारिंगी केबल दिसल्या की हात दूर. त्या उच्च दाबाच्या आहेत, त्यांच्याशी आपलं घरी काहीच काम नाही.

कॅमेरा, रडार आणि धूळ

अडासच्या गाडीत कॅमेरा पुढच्या काचेच्या वर, आरशामागे असतो. रडार पुढच्या बंपरमध्ये किंवा कंपनीच्या चिन्हामागे असतं, आणि ते बहुधा ७७ गिगाहर्ट्झवर चालतं. चिखलाचा थर, किड्यांचा थर, नंबरप्लेटची जाड फ्रेम, बंपरपुढे बसवलेला गार्ड, यातलं काहीही त्याला आंधळं करतं. मऊ ओल्या कापडाने पुसून बघा. काचेवर, कॅमेऱ्यासमोर देवाचं स्टिकर किंवा टोलचा फास्टॅग लागलेला नाही ना, तेही बघा. पहाटे सूर्य समोर असताना, दाट धुक्यात किंवा जोराच्या पावसात यंत्रणा स्वतःहून बाजूला होते. ते बरोबरच आहे. ओल्या रस्त्यावर क्रूझ लावूच नये.

मागच्या काही महिन्यांत काच बदलली, बंपर रंगवला किंवा अलाइनमेंट केलं असेल आणि त्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, तर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा-रडारची दिशा पुन्हा जुळवून घेणं, राहिलं असणार. काच बसवणारा ‘काम झालं’ म्हणेल, पण कॅमेऱ्याची दिशा अंशभरही हलली तर दूरवर ती फार चुकते. बंपरवर पुट्टीचा जाड थर किंवा धातूचे कण असलेला रंग असेल तर रडारच्या लहरी अडतात. बिलावर ‘कॅलिब्रेशन’ हा शब्द आहे का, तो आधी शोधा.

उगाच ब्रेक लागण्याची तक्रार असेल तर वळण बघा. वळणावर शेजारच्या लेनमधला ट्रक रडारच्या समोर येतो आणि गाडीला वाटतं तो आपल्याच पुढे आहे. पुढच्या गाडीपासून ठेवायच्या अंतराची सेटिंग बदलून थोडा फरक पडतो. याच्या उलट गोष्ट जास्त गंभीर आहे. रस्त्यात उभ्या असलेल्या वाहनाला अनेक यंत्रणा मोठ्या वेगात वेळेवर ओळखत नाहीत. हायवेवर मागचा दिवा न लावता उभा असलेला ट्रक हा आपल्याकडचा रोजचा धोका आहे, आणि तिथे तुमच्या डोळ्यांना पर्याय नाही.

चाकं

एबीएसचा दिवा लागलेला असेल तर क्रूझमागे धावू नका, आधी एबीएस. चाकाजवळच्या वेगाच्या सेन्सरवर लोखंडी कीस किंवा चिखल बसतो, किंवा त्याची वायर सस्पेन्शनवर घासून तुटते. चार टायर एकाच मापाचे आणि हवा सारखी आहे ना, तेही बघा. नवे टायर घालून तक्रार सुरू झाली असेल तर माप पुन्हा वाचा.

ज्यांची गाडी पाण्यात उभी होती त्यांनी जास्त लक्ष द्यावं. ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी कारेलीबाग, समा, अकोटा भागांत शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या चाकांपर्यंत बुडाल्या. कनेक्टरमध्ये गेलेलं गढूळ पाणी त्या दिवशी काही दाखवत नाही, गंज महिन्यांनी बोलतो. चालकाच्या पायाखालच्या गालिच्यापर्यंत पाणी आलं असेल तर चाकांचे सेन्सर आणि केबिनखालचे कनेक्टर उघडून तपासायला सांगा.

वेग धरत नाही

यातलं बरंचसं बिघाड नसतो. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवतो, तो कमी दाखवू शकत नाही असा नियम असतो. त्यामुळे मीटरवर १०० आणि नकाशाच्या ॲपवर ९६ दिसलं तर चालतं. घरून १०० टक्के चार्ज करून निघालात तर बॅटरीत रीजनची वीज घ्यायला जागाच नसते. मग उड्डाणपुलाच्या उतारावर साधं क्रूझ लावलेलं असूनही गाडी तीन-चार किलोमीटरने पुढे जाते. बॅटरी ८० टक्क्यांवर आल्यावर तोच उतार पुन्हा उतरून बघा. चढावर वेग पडत असेल तर इको मोड चालू आहे का, बॅटरी फार खाली गेली आहे का, किंवा कडक उन्हात गाडीने स्वतःची ताकद कमी केली आहे का, ते बघा. पावागडच्या माचीच्या घाटात क्रूझ तपासायला जाऊ नका, तो रस्ता त्यासाठी नाही.

बटणं आणि सॉफ्टवेअर

क्रूझची बटणं चालत नाहीत आणि त्याच वेळी हॉर्न किंवा गाण्यांची बटणंही दगा देतात, स्टीअरिंग एका बाजूला वळवल्यावरच चालतात, किंवा एअरबॅगचा दिवा लागलाय, तर स्टीअरिंगच्या आतली, बटणांचे संदेश नेणारी गुंडाळलेली पट्टी गेली असण्याची शक्यता मोठी. तिथे एअरबॅग आहे. हे काम फक्त प्रशिक्षित माणसाने, बॅटरी सोडवून करायचं. फक्त एकच बटण कधीतरी अडकत असेल तर चहाचे शिंतोडे किंवा सॅनिटायझर आत गेलेला असतो.

गाडीने साठवलेले दोषांचे कोड फोनवर दाखवणारा, बाजारातला ब्लूटूथ स्कॅनर असेल तर लावून बघा. पी ०५०४ आणि पी ०५७१ हे ब्रेक स्विचकडे बोट दाखवतात, पी ०५६४ क्रूझच्या बटणांकडे, पी ०५०० वेगाच्या सेन्सरकडे. इलेक्ट्रिक गाड्यांतले पुष्कळ कोड कंपनीचे स्वतःचे असतात आणि स्वस्त स्कॅनरला ते दिसत नाहीत, म्हणून ‘कोड नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा घेऊ नका. कोड पुसायच्या आधी लिहून घ्या. स्कॅनर कायमचा लावून ठेवू नका, तो छोटी बॅटरी रिकामी करतो.

सर्व्हिस सेंटरला जाताना

जॉबकार्डवर, म्हणजे तक्रार नोंदवायच्या कागदावर, ‘क्रूझ चालत नाही’ असं लिहू देऊ नका. ‘९० वेगात, पुलाच्या सांध्यावर, दुपारी, ब्रेक न दाबता सुटतं, तारखा जोडल्या आहेत’ असं लिहायला लावा. स्कॅनची छापील प्रत मागा. भाग बदलणार असतील तर विचारा की कोणत्या मोजणीवरून हा भाग ठरवला. बटणांचा संच बदलायला सांगणाऱ्यांना मी हे विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही, म्हणून मी गाडी परत आणली. जुना भाग हातात घ्या. सॉफ्टवेअर अपडेट केलं असेल तर त्याचा क्रमांक बिलावर लिहून घ्या.

दुरुस्तीनंतरची चाचणी त्याच परिस्थितीत करायची, ज्यात दोष दिसत होता. आम्ही पहाटे नाही, दुपारी अडीचला निघालो, गाडी दोन तास उन्हात उभी ठेवून. दुमाडवरून चढून आणंदपर्यंत गेलो आणि परत आलो, क्रूझ ९० वर. नानांनी मही नदीवरचा प्रत्येक सांधा जाताना आणि येताना वहीत मोजला, आणि शेवटच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द लिहिला: धरलं. तुमच्याकडे दोष आठवड्यातून एकदाच दिसत असेल तर एका फेरीने समाधान मानू नका. किमान दोन आठवडे वही चालू ठेवा, आणि तोपर्यंत मागे ट्रक असताना क्रूझ लावू नका.